उभ्या वॅगनला उतार किती चालतो?

मॉडेल रेल्वेच्या छंदात चढाचा प्रश्न बहुधा मुख्य मार्गापुरताच विचारला जातो. इंजिन २ टक्के चढावर किती डबे ओढेल, ३ टक्क्यांवर त्यातले किती कमी करावे लागतील, एका रुळावरून दुसरा रूळ नेण्याइतकी उंची किती लांबीत गाठायची, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. (१०० सेंटिमीटर लांबीत २ सेंटिमीटर उंची वाढली की तो २ टक्के चढ, आपल्या रेल्वेच्या भाषेत ५० त १.) यार्ड आणि सायडिंगच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा एकच वाक्य येते: ती सपाट ठेवा. सल्ला बरोबर आहे, पण तो कारणाशिवाय दिला जातो. कारण ठाऊक नसले की हा नियम कुठे मोडता येतो, कुठे मोडायलाच हवा आणि कुठे मिलिमीटरभरही मोडू नये, हे कळत नाही. माझे म्हणणे असे की या प्रश्नाचे उत्तर टक्केवारीच्या तक्त्यात शोधून सापडणार नाही. ते इंजिनाविना उभ्या असलेल्या वॅगनपाशी आहे. आणि ती वॅगन गेल्या काही दशकांत बदलल्यामुळे जुन्या पुस्तकांतले उत्तरही आता तपासून घ्यायला हवे.

खऱ्या रेल्वेत यार्डाचा उतार कसा ठरतो, ते आधी पाहू. भारतीय रेल्वेच्या मापदंडांनुसार स्टेशन यार्डात खास सुरक्षा व्यवस्था किंवा विशेष नियमांशिवाय ४०० त १ पेक्षा तीव्र उतार चालत नाही, आणि शिफारस तर १२०० त १ ची आहे. टक्क्यांत सांगायचे तर पाव टक्का आणि ०.०८३ टक्का. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. रोलर बेअरिंगची वॅगन सरळ रुळावर हळू चालती ठेवायला टनामागे साधारण एक ते दोन किलो ओढ पुरते, म्हणजे ०.१ ते ०.२ टक्के उताराइतकी. १२०० त १ चा उतार या मर्यादेच्या खाली राहतो, म्हणून तिथे वॅगन आपणहून चालत नाही. ४०० त १ चा उतार मर्यादेच्या वर जातो, म्हणून तिथे हँडब्रेक, चाकाखालची पाचर आणि साखळी यांच्यावर भिस्त ठेवावी लागते. यार्डाबाहेर उतार मोठा असेल तर बंदोबस्तही मोठा लागतो. स्टेशनाकडे ८० त १ पेक्षा तीव्र उतार येत असेल तर सुटलेली गाडी अडवायला कॅच सायडिंग, आणि स्टेशनापासून १०० त १ पेक्षा तीव्र उतार जात असेल तर डबे खाली निसटू नयेत म्हणून स्लिप सायडिंग. १८६३ मध्ये सुरू झालेला भोर घाट ३७ त १ चा, म्हणजे २.७ टक्क्यांचा. कर्जतहून वर जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिने लागतात आणि उतरणीवर कॅच सायडिंगे राखलेली आहेत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या सलूडाच्या सुमारे ४.७ टक्के उतारावरही निसटलेली गाडी वळवून घेण्यासाठी वेगळे रूळ होते. थोडक्यात, खऱ्या रेल्वेने मुख्य मार्गावर तीव्र उतार पत्करला, पण डबे उभे राहतात ती जागा जमेल तितकी सपाट राखली.

यावरून आपणही तोच आकडा उचलावा, असे प्रथमदर्शनी वाटते. पण एचओ मापात, म्हणजे १:८७ मध्ये, एक मीटर लांबीच्या यार्डात ४०० त १ चा उतार म्हणजे अडीच मिलिमीटर आणि १२०० त १ चा म्हणजे एक मिलिमीटरहूनही कमी. घरी उभारलेल्या प्लायवूडच्या फळीवर हा हिशेब टिकत नाही. फळीला ६० सेंटिमीटर अंतरावर आधार दिले आणि मधे ती फक्त दोन मिलिमीटर झुकली, तरी आधारापासून मध्यापर्यंत सरासरी दोन-तृतीयांश टक्के उतार तयार होतो. तो ४०० त १ च्या अडीचपटीहून जास्त आहे. कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत लाकूड फुगून वर-खाली होते ते आणखी वेगळे. म्हणजे खऱ्या रेल्वेचा नियम अक्षरशः पाळायचा तर घरातले जवळपास प्रत्येक यार्ड नापास ठरेल. ते प्रत्यक्षात नापास ठरत नाही, कारण छोटी वॅगन मोठ्या वॅगनइतकी सहज घरंगळत नाही. टोकदार धुरा प्लास्टिकच्या बोगीतल्या खळग्यात फिरतो, चाकाची कड रुळाला घासते, एखाद्या डब्यात दिव्यासाठी वीज घेणारी पत्ती धुऱ्यावर दाबून बसलेली असते. ही सगळी घर्षणे वॅगनच्या वजनाच्या तुलनेत मोठी पडतात. त्यामुळे काही वॅगनी एक टक्क्याच्या आसपास सुटतात, तर काही दोन-तीन टक्क्यांवरही जागच्या हलत नाहीत.

इथे एक समजूत दूर करायला हवी: वॅगन जड केली की ती उतारावर नीट उभी राहते. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने एचओ मापासाठी एक औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस, असे वजन सुचवले आहे. त्या हिशेबाने सहा इंची वॅगन चार औंसांची, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅमची होते. २ टक्के उतारावर तिला खाली ओढणारे बल सव्वादोन ग्रॅम वजनाइतके असते. वजन दुप्पट केले तर हे बल दुप्पट होते, आणि धुऱ्यावरचा भार वाढल्यामुळे घर्षणही जवळपास दुप्पट होते. कोणत्या उतारावर ती सुटेल, हा आकडा फारसा हलत नाही. वजनाचे फायदे आहेत, सांध्यांवर चाके रुळावर टिकतात, वळणावर डबा आत कलंडत नाही. उतारावर उभे राहण्याची हमी मात्र वजनाने मिळत नाही.

सुटलेली वॅगन किती बिघाड करते, हेही प्रमाणाच्या गणितातच दडलेले आहे. आपण लांबी ८७ पटींनी लहान केली, पण गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही. समजा उतारातून घर्षण वजा जाऊन निव्वळ एक टक्का उरला. त्यावर मॉडेल वॅगन एक मीटर घरंगळली की साडेचार सेकंदांत तिचा वेग सेकंदाला ४४ सेंटिमीटर होतो. ८७ ने गुणले तर तो ताशी सुमारे १३९ किलोमीटर भरतो. खरी वॅगन तेवढ्याच निव्वळ उतारावर तेवढेच अंतर, म्हणजे ८७ मीटर, घरंगळली तर तिचा वेग ताशी १५ किलोमीटरच्या आसपास राहील. मापाच्या मानाने छोटी वॅगन नऊ पटींहून अधिक वेगाने धावते. म्हणून मॉडेलमधला निसटलेला डबा कधीच खऱ्यासारखा दिसत नाही. तो सुटला हे लक्षात येईपर्यंत तो सांध्यावर जाऊन दुसऱ्या गाडीच्या कुशीत शिरलेला असतो, आणि फळीच्या कडेला कठडा नसेल तर जमिनीवर.

आता मूळ मुद्दा. जुन्या लेआउटवर दीड-दोन टक्क्यांचे यार्ड खुशाल चालत होते, हे खरे आहे. त्या काळच्या पुष्कळ वॅगनींना प्लास्टिकची चाके आणि ढोबळ बोगी असत. त्यांचे जादा घर्षण हाच त्यांचा न लावलेला हँडब्रेक होता. पुढे धातूची चाके आणि नेमके टोकदार धुरे सर्रास मिळू लागले. ते लावायचे कारणही रास्त: चाके जितकी हलकी फिरतील तितके जास्त डबे इंजिन घाटावर नेते. रुळावर प्लास्टिकचा मळ साचत नाही, हा आणखी एक फायदा. पण घाटावरची प्रत्येक सुधारणा यार्डातला धोका वाढवते. मुख्य मार्गाला हवी असते सहज चालणारी वॅगन आणि सायडिंगला हवी असते जागची न हलणारी, आणि दोन्हीकडे असते एकच वॅगन. ही अडचण तक्त्यांत दिसत नाही, कारण तक्ता उताराकडे पाहतो, चाकाकडे नाही. माझ्या मते यार्डाच्या उताराची मर्यादा ठरवावी ती आपल्याकडच्या सर्वांत सहज चालणाऱ्या वॅगनवरून, सरासरी वॅगनवरून नव्हे. यार्डात वीस डबे असतील तर एकोणीस उभे राहून विसावा निसटला, तरी यार्ड बिघडलेच.

म्हणजे उतार कुठेच नको का? तसे नाही. इंजिन गाडीला जोडलेले राहते अशी जागा आणि इंजिन डबे सोडून जाते अशी जागा, हा भेद केला की बराच गुंता सुटतो. बहुतेक मॉडेल इंजिनांत मोटरपासून चाकांपर्यंतची गती वर्म गिअरमधून जाते. वर्म चाकांना फिरवतो, पण चाके सहसा वर्मला उलटे फिरवू शकत नाहीत. म्हणून वीज बंद असलेले इंजिन उतारावर आपल्या जागी रुतून बसते आणि मागची गाडीही धरून ठेवते. घाटातल्या एकेरी मार्गावर दोन गाड्यांच्या भेटीसाठी लूप लाइन हवी असेल, तर ती मुख्य मार्गाच्याच २ टक्क्यांवर बिनधास्त ठेवावी. तिथे कोणी डबे सोडून जात नाही. लूप सपाट करायच्या नादात चढ मधेच तोडला तर राहिलेल्या लांबीत तो साडेतीन टक्क्यांवरही जाऊ शकतो आणि सगळ्या मार्गाचे नुकसान होते. याउलट ॲलन राइट यांचे इंगलनुक हे शंटिंगचे कोडे घ्या: तीन सायडिंगे, आठ वॅगनी, त्यांतल्या पाच ठरावीक क्रमाने लावायच्या. कॅलिफोर्नियातल्या जॉन ॲलन यांचे टाइमसेव्हरही त्याच जातीचे. या दोन्हींचा सगळा खेळ डबा सोडायचा, पुढे जायचे, परत येऊन उचलायचा यावर उभा आहे. तिथे अर्धा टक्काही खेळ नासवू शकतो.

एका टोकाला बंद असलेल्या सायडिंगचा विचार सर्वांत जास्त करावा लागतो. खऱ्या रेल्वेत कारखान्याचे सायडिंग बहुधा मुख्य मार्गापेक्षा थोडे खाली असते, कारण मुख्य मार्गाखाली खडीचा थर जाड असतो. हे दृश्य मॉडेलमध्ये फार शोभते: मुख्य रूळ ५ मिलिमीटर जाडीच्या कॉर्कवर आणि सायडिंग थेट फळीवर. ती उंची एका मीटरमध्ये उतरवली तर अर्धा टक्का, ५० सेंटिमीटरमध्ये एक टक्का आणि २५ सेंटिमीटरमध्ये २ टक्के. पहिला बहुतेकांना चालेल, तिसऱ्यावर डबा उभा राहील याचा भरवसा नाही. उतरण सांध्यातच सुरू करणे ही इथली नेहमीची चूक. सांधा एका पातळीतच असावा. तो वाकला तर चाक क्रॉसिंगवर उचलले जाते आणि लांब इंजिनाचे एखादे चाक अधांतरी राहते. सांधा पूर्ण संपल्यावर उतरण सुरू करावी, तीही हळूहळू, निदान सर्वांत लांब इंजिनाइतक्या लांबीत वळवत. नाहीतर शेजारच्या कपलिंगांची उंची जुळत नाही आणि ती एकमेकांतून निसटतात.

सायडिंगचा उतार कोणत्या दिशेला असावा, यावर मतभेद आहेत. माझा कौल बंद टोकाकडच्या उताराला आहे. सुटलेला डबा बफर स्टॉपवर जाऊन थांबतो, मुख्य मार्गावर येत नाही. यावरचा आक्षेप असा की डबे गोदामाच्या दारापाशी न थांबता सगळे टोकाला जाऊन गोळा होतात. आक्षेप खरा आहे, म्हणूनच डबा उभा करायची जागा सपाट ठेवून उतरण तिच्या अलीकडे संपवावी. उतार उलट, मुख्य मार्गाकडे असेल तर इंजिनाला डबे जोडणे सोपे जाते, कारण डबा इंजिनावर रेलतो. पण इंजिन सुटून निघाले की डबाही त्याच्या मागोमाग निघतो, आणि या एका दोषापुढे तो फायदा फारच लहान आहे. असा उतार टाळताच येत नसेल तर, खऱ्या रेल्वेप्रमाणे, सायडिंगच्या तोंडाशी ट्रॅप पॉइंट, म्हणजे सुटलेला डबा मुख्य मार्गावर जाण्याआधीच रुळावरून उतरवणारा सांधा, ठेवावा. तो नुसती शोभा राहत नाही, खरोखर काम करतो.

चुंबकाने सुटणाऱ्या कपलिंगांमुळे आणखी एक अडचण येते. केडी पद्धतीचे कपलिंग रुळांमधल्या चुंबकावर उघडते ते दोन डब्यांमध्ये ढील असेल तरच. चढावर डबे ताणलेले असतात, म्हणून कपलिंग हवे तेव्हा उघडत नाही. उतारावर डबे एकमेकांवर येतात, म्हणून जाता जाता नको तिथे उघडते. चुंबक बसवायची जागा सपाटच हवी, यावर तडजोड करू नये. शंटिंगसाठी इंजिन डबे घेऊन मागे-पुढे करते त्या लीडलाही हेच लागू आहे, आणि लीड उताराची ठेवण्याचा मोह फार होतो, कारण ती बहुधा मुख्य मार्गाला समांतर चढत असते.

सपाटपणाच्या विरोधातला सर्वांत वजनदार आक्षेप इतिहासाचा आहे. ॲपलेशियन डोंगरातल्या कोळसा खाणींवर रिकामे डबे मुद्दाम उतारावर ठेवत. हँडब्रेक सैल करून एकेक डबा गुरुत्वाकर्षणाने कोळसा भरायच्या टिपलखाली आणायचा, भरला की आणखी खाली सोडायचा. इंजिन लागतच नसे. अशी खाण मांडणाऱ्याने रूळ सपाट ठेवले तर त्या जागेचे सारच हरवते. मला हा आक्षेप मान्य आहे, पण त्याचे उत्तर त्याच चित्रात आहे: प्रत्येक डब्यावर ब्रेक धरणारा माणूस उभा होता. मॉडेलच्या डब्यावर तो नाही, तेव्हा त्याचे काम रुळाला द्यावे. स्लीपरमध्ये ब्रशचे ताठ केस धुऱ्याला लागतील इतके उंच उभे करणे हा सर्वांत सोपा आणि टिकाऊ उपाय आहे. इंजिन ते सहज ओलांडते, डबा त्यावर अडतो. केसांचा रंग रुळासारखा असला तर दिसतही नाही. रुळांच्या मधून वर-खाली होणारी बारीक खुंटी, सांधा फिरवणाऱ्या मोटरलाच जोडून, हा त्याहून नेमका उपाय: खाली घेतली की डबा सुटतो, वर केली की थांबतो. एखाद्या धुऱ्यावर हलकी स्प्रिंग दाबून प्रत्येक वॅगनला कायमचा ब्रेक देणारेही आहेत. मला तो मार्ग पटत नाही, कारण मग घाटावर इंजिनाची शक्ती विनाकारण खर्च होते आणि आपण जुन्या प्लास्टिकच्या चाकांपाशीच परत येतो.

हंप यार्ड, म्हणजे टेकाडावरून डबे खाली सोडून वेगवेगळ्या रुळांवर लावणारे यार्ड, हा याच आक्षेपाचा टोकाचा प्रकार. लिव्हरपूलच्या एज हिलमध्ये १९ व्या शतकाच्या उत्तरार्धातच गुरुत्वाकर्षणावर चालणारे यार्ड होते; आपल्याकडे मुगलसरायचे, म्हणजे आजच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनचे, हंप यार्ड प्रसिद्ध आहे. मॉडेलमध्ये ते का फसते, हे आता सहज कळेल. टेकाडाचा उतार सर्वांत जड चालणाऱ्या डब्याला टोकापर्यंत नेण्याइतका ठेवावा लागतो, आणि मग सर्वांत हलका चालणारा डबा त्यावरून भरधाव सुटतो. खऱ्या रेल्वेतही हा फरक असतो; तिथे रुळालगतचे रिटार्डर चाक दाबून वेग कमी करतात. मॉडेलमध्ये रुळांमधून हवेचा झोत सोडून हेच करणारे कुशल लोक आहेत, आणि त्यांच्या चिकाटीबद्दल आदरच वाटतो. पण सगळ्या वॅगनींची चाके, बोग्या आणि वजने एकसारखी करून घेण्याची तयारी नसेल तर हंपच्या वाटेला जाऊ नये.

लपलेल्या यार्डाबद्दल, म्हणजे दर्शनी भागाखाली गाड्या थांबवून ठेवतात त्या स्टेजिंगबद्दल, उलट मला थोडा उतार हवाच असे वाटते. तिथे डोळा पोचत नाही आणि हातही मुश्किलीने पोचतो. गाडीचे कपलिंग तुटले तर सुटलेले डबे यार्डाबाहेर निसटायला नकोत. म्हणून दोन्ही टोकांना शेवटच्या अर्ध्या मीटरमध्ये तीन-चार मिलिमीटर चढ देऊन मधला भाग थोडा खोलगट ठेवावा. खऱ्या सपाट यार्डांतही डबे बाहेर न पडता मधेच राहावेत म्हणून असा खोलगटपणा देण्याची पद्धत आहे. स्टेजिंग बंद टोकाचे असेल तर तोच चढ फक्त तोंडाशी द्यावा.

उतार ठरवताना वळणाचा हिशेबही कामी येतो. एचओ मापात ३२ ला वळणाच्या इंचांतल्या त्रिज्येने भागले की वळणामुळे वाढणारा चढ टक्क्यांत मिळतो, असा एक जुना ठोकताळा आहे. २४ इंची वळण त्याप्रमाणे सुमारे १.३ टक्क्यांची भर घालते. गाडी ओढताना ही भर तोट्याची. डबा उभा करताना ती थोडी मदत करते. वळणदार सायडिंगवर डबा सरळ रुळापेक्षा जास्त उतार सोसतो. फक्त तो धक्क्याने सरळ भागात आला की ही मदत संपते.

धक्क्याचा मुद्दा चाचणीतही विसरता कामा नये. वॅगन सुटायला जितका उतार लागतो त्यापेक्षा ती चालती राहायला कमी लागतो. नुसती ठेवून उभी राहिलेली वॅगन इंजिन येऊन टेकताच चालू लागते, आणि यार्डात इंजिन टेकतच असते. म्हणून रूळ कायमचे बसवण्याआधी एवढे करावे. एक मीटरच्या सरळ फळीवर रूळ ठोकावा, पाणसळ लावून ती आडवी करावी, आपल्याकडची सर्वांत सहज चालणारी वॅगन तिच्यावर ठेवून एक टोक हळूहळू उचलावे आणि दर वेळी वॅगनला बोटाने हलका धक्का द्यावा. धक्क्यानंतर ती न थांबता चालत राहिली की उचललेले मिलिमीटर मोजावेत. १२ मिलिमीटर आले तर तिची मर्यादा १.२ टक्के; यार्डात त्याच्या निम्म्याहून जास्त उतार ठेवू नये. नवी चाके बसवली किंवा धुऱ्यांना वंगण दिले की हीच चाचणी पुन्हा करावी, आणि पावसाळा संपल्यावर यार्डाच्या फळीवर पाणसळ एकदा परत ठेवून पाहावी.